दार उघडलं, पण आत टिकायचं कसं? न्यूयॉर्कच्या कम्युनिटी कॉलेजांची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

आमच्या आळीतली एक मुलगी. बारावीला बरे मार्क पडले, तालुक्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, फी माफ झाली. घरात पेढे आले. दिवाळीनंतर पोरगी घरीच दिसायला लागली. आईला विचारलं तर म्हणाली, "मुक्कामी गाडी बंद झाली की हो. दुसरी गाडी साडेनऊला. ही पोचेस्तोवर प्रॅक्टिकल संपलेलं असतंय. महिनाभर गेली कशीबशी, मग सोडलं."

कॉलेजच्या हजेरीपटात ती 'सतत गैरहजर' आहे. गावात लोक म्हणतात, शिकायचं मन नव्हतं तिचं. सरकारी कागदावर मात्र तिला मोफत शिक्षण मिळालेलं आहे.

हे आठवायचं कारण असं, की गेले काही दिवस मी न्यूयॉर्क शहरातल्या कम्युनिटी कॉलेजांचा इतिहास वाचतोय. तिथं हाच प्रश्न गेली पन्नास-पंचावन्न वर्षं चालू आहे. त्यांनी दार उघडलं, मग पैसे संपले म्हणून अर्धं लावून घेतलं, आणि बऱ्याच उशिरा त्यांच्या लक्षात आलं की पोरं दाराशी अडत नव्हती, आत आल्यावर गळत होती. ती गोष्ट इथं लिहितोय, कारण तिच्यात आपल्या कामाचं बरंच आहे.

आधी, कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

अमेरिकेत पदवीचं कॉलेज चार वर्षांचं. त्यातली पहिली दोन वर्षं कमी फीमध्ये, घराजवळ, नोकरी सांभाळून करता यावीत म्हणून जी सरकारी कॉलेजं निघाली ती कम्युनिटी कॉलेजं. पहिलं सार्वजनिक कॉलेज इलिनॉय राज्यात, जोलिएट गावात, १९०१ साली सुरू झालं. विद्यार्थी किती? सहा! तेव्हा त्याला ज्युनियर कॉलेज म्हणत. पुढे दुसऱ्या महायुद्धातून लाखो सैनिक परत आले, सरकारने त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला आणि कॉलेजं ओसंडून वाहायला लागली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने सांगितलं की अशी कॉलेजं देशभर काढा. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळलं ते तिथून.

इथं कट-ऑफची भानगड नाही. शाळा पूर्ण केली असेल तर या. दोन वर्षांचा अभ्यास केला की असोसिएट डिग्री मिळते. ती घेऊन नोकरीला लागा, नाहीतर चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला जा. विषयही सगळ्या तऱ्हेचे. नर्सिंग, हिशेबनीस, कॉम्प्युटर, जनावरांच्या दवाखान्यातला तंत्रज्ञ, आणि शेजारच्याच वर्गात तत्त्वज्ञान आणि इतिहास. नुकत्याच देशात आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग असतात, ते वेगळेच.

आणि विद्यार्थी कोण? बारावी होऊन आलेला अठरा वर्षांचा पोरगा असतोच. पण त्याच बाकावर रात्रपाळी करून आलेला ड्रायव्हर असतो, दोन मुलं शाळेत सोडून आलेली बाई असते, चार वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातून आलेला हॉटेलातला आचारी असतो.

फुकट कॉलेजचं शहर

न्यूयॉर्कला याच्याही आधीची परंपरा होती. १८४७ साली शहरातल्या लोकांनी मतदान करून ठरवलं की गरिबांच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने फ्री अकॅडमी काढायची. आपल्याकडे जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली ती १८४८ला, म्हणजे काळ तोच. या अकॅडमीचं पुढे सिटी कॉलेज झालं. फी शून्य. स्थलांतरितांची, विशेषतः गरीब ज्यू कुटुंबांची मुलं तिथं शिकून पुढे गेली.

आपल्याला जवळची एक गोष्ट सांगतो. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते याच शहरात. कोलंबिया आणि सिटी कॉलेज एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. बाबासाहेबांना सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड. मुद्दा लक्षात घ्या. ती नुसती फीमाफी नव्हती. राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं त्यातून भागवायचं होतं, आणि त्यातूनच काटकसर करून ते घरीही पैसे पाठवायचे. नुसती फी माफ करून त्यांना कोणी न्यूयॉर्कला पाठवलं असतं, तर काय झालं असतं?

तर सिटी कॉलेज फुकट होतं, पण प्रवेशाची गुणमर्यादा दर काही वर्षांनी वर चढत गेली. १९६० च्या दशकात शहराची वस्ती बदलली होती. दक्षिणेतून आलेले काळे लोक, पोर्तो रिकोहून आलेले लोक यांची मुलं सरकारी शाळांत मोठ्या संख्येनं होती. सिटी कॉलेज उभं होतं हार्लेममध्ये, काळ्यांच्या वस्तीला लागून. आत मात्र त्या वस्तीतली मुलं मोजकीच. फी नव्हती, तरी ती बाहेरच होती.

१९६९: मुलांनी गेटला कुलूप लावलं

एप्रिल १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजचा दक्षिणेकडचा भाग ताब्यात घेतला. त्यांच्या पाच मागण्या होत्या. त्यातली मुख्य ही, की शहरातल्या शाळांत ज्या प्रमाणात आमची मुलं आहेत त्या प्रमाणात ती इथं दिसली पाहिजेत. बराच गदारोळ झाला, मारामाऱ्या झाल्या, कॉलेजच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. शेवटी शहराच्या विद्यापीठाने, म्हणजे क्यूनीने, असा निर्णय घेतला की १९७० पासून शहरातल्या शाळेतून पास होणाऱ्या प्रत्येक मुलाला विद्यापीठात कुठेतरी जागा मिळेलच. चांगले गुण असणाऱ्यांना चार वर्षांच्या कॉलेजात, बाकीच्यांना कम्युनिटी कॉलेजात.

त्या वर्षी पहिल्या वर्षाला सुमारे ३५ हजार मुलं आली. आदल्या वर्षी साधारण २० हजार होती. बसायला जागा नव्हती, भाड्याच्या इमारतींत वर्ग भरले.

आणि पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांच्या हातात अशा उत्तरपत्रिका आल्या की बरेच जण हबकले. बारावी पास मुलांना एक परिच्छेद सरळ लिहिता येत नव्हता. "ही कॉलेजात शिकण्याच्या लायकीची नाहीत," असं उघड बोललं जायला लागलं. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडेही हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकू येतं.

मीना शॉनेसी नावाच्या एक बाई सिटी कॉलेजात लेखन शिकवायच्या. त्यांनी वेगळं केलं. अशा मुलांचे जवळपास चार हजार निबंध घेऊन त्या बसल्या आणि चुका नुसत्या मोजण्याऐवजी त्या का होतात ते शोधू लागल्या. त्यांना दिसलं की चुकांना एक रीत आहे. मूल घरात एक बोली बोलतं, शाळेत कोणी लिहून घेतलेलंच नाही, मग ते स्वतःच नियम बनवतं आणि त्या नियमानं चुकतं. म्हणजे ते मठ्ठ नाही, त्याला सराव मिळालेला नाही. १९७७ मध्ये त्यांचं यावरचं पुस्तक आलं आणि लेखन शिकवणाऱ्यांची एक पिढी त्यावर घडली. प्रमाण मराठी येत नाही म्हणून ज्या पोरांना आपण वर्गात गप्प बसवतो, त्यांच्यासाठीसुद्धा हे लागू आहे.

बिस्किटांच्या कारखान्यातलं कॉलेज

याच लाटेत १९७१ मध्ये क्वीन्स भागात लागार्डिया कम्युनिटी कॉलेज सुरू झालं. आजूबाजूला कारखाने, गोदामं, वरून धडधडत जाणारी सात नंबरची लोकल. कॉलेज भरलं एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत. पुढे बाजूचा बिस्किटांचा मोठा कारखानाही कॉलेजकडे आला.

या कॉलेजाने पहिल्यापासून एक नियम केला. पूर्ण वेळ शिकणाऱ्या प्रत्येकानं काही सत्रं प्रत्यक्ष नोकरीच्या ठिकाणी काम करायचंच. कॉलेज जागा शोधून देणार, आणि त्या कामाचे गुण पदवीत धरणार. ज्यांच्या घरात कोणी कधी ऑफिसात बसलेलं नाही, त्या मुलांना ऑफिस आतून बघायला मिळालं. १९७४ मध्ये कॉलेजाच्या आवारातच एक हायस्कूल काढलं, शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी. रोज कॉलेजातली मुलं डोळ्यांसमोर दिसली की आपणही तिथं जाऊ शकतो असं वाटायला लागतं, एवढी साधी कल्पना. आज त्या कॉलेजात दीडशेहून जास्त देशांत जन्मलेले विद्यार्थी शिकतात.

दुसरं कॉलेज होस्तोस. साउथ ब्राँक्स म्हणजे शहरातली सगळ्यात गरीब वस्ती. तिथल्या पोर्तो रिकन लोकांनी मागणी लावून धरली आणि १९७० मध्ये एका जुन्या टायरच्या कारखान्यात वर्ग सुरू झाले. इथं स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला आधी इंग्रजी शीक, मग विषय शीक, असं सांगत नव्हते. विषय स्पॅनिशमधून सुरू करायचा आणि बरोबरीने इंग्रजी शिकायची. म्हणजे भाषेपायी वर्षं वाया जात नाहीत. मराठी माध्यमातून सायन्सला किंवा इंजिनिअरिंगला जाऊन पहिल्या सत्रात ज्यांची दातखीळ बसली, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

१९७६: पैसे संपले

१९७५ मध्ये न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी झाली. शहर दिवाळखोरीच्या काठावर. मे १९७६ च्या अखेरीस विद्यापीठाकडे पगाराला पैसे नव्हते, म्हणून सगळं विद्यापीठ सुमारे दोन आठवडे बंद ठेवलं. आणि त्याच वर्षी फी लागू झाली. १२९ वर्षांची मोफत शिक्षणाची परंपरा संपली.

हे साल नीट बघा. शंभरावर वर्षं, त्यात महामंदी आली, दोन महायुद्धं झाली, पण कॉलेज फुकट राहिलं. काळी आणि पोर्तो रिकन मुलं मोठ्या संख्येनं आत आली आणि सहा वर्षांत फी लागली. शहराचं दिवाळं खरंच निघालेलं होतं, ते खोटं नाही. पण कपात कुठे करायची हे कोणीतरी ठरवत असतं, हेही तितकंच खरं.

होस्तोस तर बंद करून दुसऱ्या कॉलेजात विलीन करायचं ठरलं होतं. विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतले लोक एकत्र आले. इमारत ताब्यात घेतली, मोर्चे काढले, पोलीस आले, अटका झाल्या. शेवटी राज्याच्या विधिमंडळाला पैसे द्यावे लागले आणि कॉलेज वाचलं. ते आजही आहे. माझ्या मते ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट. ज्या वस्तीत कॉलेज नव्हतं तिथल्या लोकांनी ते मागून घेतलं, आणि सहा वर्षांनी रस्त्यावर उतरून राखलं.

तीस वर्षांनी हिशेब मांडला

बिनगुणांचा प्रवेश फसला, मुलं गळाली, पदव्या मिळाल्या नाहीत, अशी टीका पुढे वर्षानुवर्षं चालली. चार-पाच वर्षांनी मोजलं तर आकडेही तसेच दिसायचे.

पॉल ॲटवेल आणि डेव्हिड लॅव्हिन या दोन समाजशास्त्रज्ञांनी मग एक चिवट काम केलं. १९७० ते ७२ मध्ये प्रवेश घेतलेल्या जवळपास दोन हजार बायकांना त्यांनी सुमारे तीस वर्षांनी शोधून काढलं. आणि दिसलं काय? त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त जणींनी कुठली ना कुठली पदवी मिळवली होती. काहींनी मध्येच सोडलं, लग्न झालं, मुलं झाली, नोकरी केली, परत आल्या, दहा-पंधरा वर्षांनी पूर्ण केलं. आणि ज्या शिकल्या त्यांच्या मुलांचं शिक्षणही पुढे गेलं. आई कॉलेजात गेली की घरात पुस्तकं येतात, मुलांच्या शाळेत चौकशी होते, सगळंच बदलतं.

म्हणजे ज्याला आपण गळती म्हणतो त्यातली बरीच माणसं थांबलेली असतात. परत यायची वाट मोकळी ठेवली तर ती येतात.

बसपास, पुस्तकं आणि एक माणूस

पण थांबावंच का लागतं? या प्रश्नावर २००७ मध्ये शहराने एक प्रयोग सुरू केला. नाव एसॅप. सहा कम्युनिटी कॉलेजं आणि अकराशेच्या वर विद्यार्थी. विद्यार्थ्यानं पूर्ण वेळ शिकायचं, एवढी अट. बदल्यात काय द्यायचं?

१) सरकारी मदत मिळून फीत जी रक्कम उरेल ती माफ.
२) पुस्तकं मोफत.
३) बस आणि लोकलचा महिन्याचा पास मोफत. पण पास घ्यायला आपल्या सल्लागाराला भेटत राहायचं.
४) नोकरी सांभाळता येईल असे लागोपाठचे तास. सकाळी एक, मग संध्याकाळी एक, असं नाही.
५) शिकवणी, आणि नोकरीचं मार्गदर्शन.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सल्लागार. एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी. बाकीच्या विद्यार्थ्यांसाठी हेच प्रमाण एकाला ६०० ते १,५०० होतं. दीड हजारांत तुम्ही दोन आठवडे आला नाहीत तर कोणाला कळणार? सत्तर जणांत मात्र तिसऱ्या दिवशी फोन येतो, "काय रे, कुठे आहेस?"

मग तीन कॉलेजांतल्या ८९६ विद्यार्थ्यांवर चिठ्ठ्या टाकून परीक्षा घेतली. निम्मे एसॅपमध्ये, निम्मे नेहमीच्या व्यवस्थेत. तीन वर्षांनी बघितलं तर नेहमीच्या व्यवस्थेतले २२ टक्के पदवीधर झाले होते, एसॅपमधले ४० टक्के. मुलं त्याच वस्त्यांतली, कॉलेजही तीच, प्राध्यापकही तेच.

खर्च वाढला का? वाढला. तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सोळा हजार डॉलरहून जास्त. पण पदव्या जवळपास दुप्पट झाल्या, त्यामुळे एका पदवीमागचा खर्च उलट कमी आला. पुढे हा कार्यक्रम शहरात २५ हजार विद्यार्थ्यांपर्यंत नेला. ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांनी तो उचलला, तिथंही तसाच फरक दिसला.

एक उणीव सांगायलाच हवी. पूर्ण वेळेची अट असल्यामुळे दिवसभर काम करणारे, लहान मुलांच्या आया, यातले बरेच जण बाहेर राहिले. ते कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

आपण हे विसरलो कधी?

हे वाचताना मला सारखी साताऱ्याची आठवण येत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं १९४७ साली. पण साताऱ्यात बोर्डिंग काढलं १९२४ ला. आधी पोराच्या जेवणाची आणि झोपायची सोय, मग हायस्कूल, मग कॉलेज, असा तो क्रम. घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. दाणे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. पुढे 'कमवा आणि शिका'. न्यूयॉर्कला जे २००७ मध्ये प्रयोग करून सिद्ध करावं लागलं, ते या माणसाने अनुभवातून ओळखलं होतं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना येता यावं म्हणून वर्ग सकाळचे ठेवले. तेसुद्धा हेच शहाणपण.

आणि आज आपण काय मोजतो? किती प्रवेश झाले, किती फी माफ झाली. यूजीसीने २०१३ च्या सुमारास आपल्याकडेही 'कम्युनिटी कॉलेज' नावाची योजना आणली. नाव आलं. पण गाडीची वेळ, वसतिगृहातली जागा, दुपारचं जेवण, आणि दोन आठवडे आला नाहीस तर फोन करणारा माणूस, हे सगळं आपण 'इतर सुविधा' या रकान्यात टाकतो. आणि पैसे कमी पडले की पहिली काट त्याच रकान्यावर मारतो.

फीमाफी हवीच, त्यावर दुमत नाही. पण तालुक्याच्या पुढच्या बैठकीत मी तीन प्रश्न विचारणार आहे. तुम्हीही आपापल्या गावात विचारा.

कॉलेजचं पहिलं लेक्चर आणि पहिली गाडी यांची वेळ जुळते का?

एका शिक्षकाकडे पालक म्हणून किती मुलं आहेत, आणि गैरहजर पोराच्या घरी शेवटचा फोन कधी गेला?

मध्येच सोडलेल्या मुलीला दोन वर्षांनी परत यायचं असेल तर वाट काय?

आमच्या आळीतल्या त्या पोरीला परवा विचारलं, परत जाशील का? म्हणाली, "गाडी सुरू झाली तर जाईन की."

तुमच्या गावात अशी गाडी कुठली, ते कमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि घेऊन जाऊ.